घर फिरलं, वासे फिरले, टेबल झाले

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आपण मुलांना बजावतो. जुनं घर पाडायला घेणारा ठेकेदार मात्र मालकाच्या घरचा चहा पिता पिता नेमकं तेच करत असतो. वासे किती, तुळया किती, चौकटी सागाच्या की आंब्याच्या, कड्या-कोयंडे पितळी की लोखंडी, कौलं शाबूत किती आणि फुटकी किती. हिशेब मनाजोगता जमला तर तो पाडण्याची मजुरी मागत नाहीच, उलट मालकाच्या हातावर पैसे ठेवतो. पाडणाऱ्यानेच पैसे द्यायचे, हा व्यवहार ऐकायला उलटा वाटतो, पण जुन्या वाड्यांच्या बाबतीत तो अगदी सरळ आहे. घर मालकाच्या लेखी संपलेलं असतं आणि ठेकेदाराच्या लेखी ते नुकतंच दुकानात येऊन पडलेलं असतं.

पिंपरी-चिंचवडला हा धंदा उगाच फळला नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. म्हणजे एका माणसाच्या हयातीत त्याच जागेवर मातीचं घर, चाळ, पत्र्याचं वर्कशॉप आणि टॉवर असे चार अवतार होऊन गेले. प्रत्येक अवतार संपताना आधीचा माल सुटला. तो गेला कुठे? काही तुमच्या जेवणाच्या टेबलाखाली आहे, काही गच्चीवर, काही फुटपाथवर. थोडा मोटरसायकलच्या टाकीतही आहे, पण ती गोष्ट पुढे.

काढलं तर माल, पाडलं तर राडारोडा

या धंद्याचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे: इमारत कुणी उतरवली. हातोडा, पहार आणि छिन्नी घेऊन चार माणसं वरून खाली आली, तर कौल कौल म्हणून उतरतं, वीट वीट म्हणून सुटते, दार बिजागरीसकट निघतं. जेसीबीचा पंजा फिरला, की त्याच घराचा एका दुपारीत ढिगारा होतो. त्यातून सळई आणि पत्रा तेवढा वेचायचा.

शिवाय जुनी घरं मुळातच सुटी व्हायला सोयीची होती. चुन्यातली वीट टोकरली की सुटते आणि चुना झाडून टाकला की नवी होते. सिमेंटमधली वीट सुटत नाही, फुटते. लाकडी चौकट भिंतीतून निघते, पण आजची फ्लॅटमधली ग्रॅनाइटची चौकट काढताना निम्मी हातात येते. बाथरूमची टाइल तर भिंतीशी लग्न लावूनच बसलेली असते. आपण घरं मजबूत करत गेलो आणि त्याच हिशेबात त्यांचं पुढचं आयुष्य कमी करत गेलो. वाडा पाडला तर त्यातून पुन्हा घर उभं राहतं. टॉवर पाडला तर खडी मिळते.

हा तर आजीचा उद्योग

जुन्या बांधकाम-मालातून नव्या वस्तू करण्याला हल्ली प्रदर्शनात स्टॉल मिळतो आणि किमतीच्या चिठ्ठीवर दोन शून्यं जास्त लागतात. मराठी घरांत हे काम फुकटात चालायचं. विटेचा तुकडा आणि चिंच घेऊन पितळेची भांडी लख्ख व्हायची. फुटक्या कौलाची टिकली घासून गोल केली की ठिकरी तयार, आणि तशाच चपट्या तुकड्यांची उतरंड रचली की लगोरी. खेळण्यांच्या दुकानात आज लगोरीचा प्लास्टिकचा संच खोक्यात मिळतो. गावात कौलं शाकारायला काढली की तो आपोआप अंगणात पडायचा.

फुटकी वीट तर राजमान्य होती. ती कुटून, चाळून सुरखी करत आणि चुन्यात मिसळत. यात नुसती काटकसर नव्हती. भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी रासायनिक क्रिया करते आणि ते मिश्रण ओलसर जागीही घट्ट धरतं. अनेक किल्ल्यांवर आजही गोल दगडी चर आणि त्यात पडलेलं जड चाक दिसतं. पर्यटक त्याला हमखास तेलाचा घाणा समजतात. ती चुन्याची घाणी. बैल चाक ओढायचे आणि चुना मळला जायचा.

पडक्या घरांची मातीही वाया जात नसे. जुन्या गावठाणाची पांढरी शेतात नेऊन टाकली तर पीक जोमाने येतं, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. चूल, गोठा, राख, शेण यांचं शेकडो वर्षांचं सत्त्व त्यात मुरलेलं असतं. पुरातत्त्ववाल्यांना मात्र या खताने रडवलं. ज्या पांढरीच्या टेकाडात इतिहास पुरलेला, ती टेकाडं बैलगाड्यांनी शेतात पसरली गेली.

आणि महाराष्ट्रातली सगळ्यांत प्रसिद्ध वीट भिंतीत लागलीच नाही. पुंडलिकाने हाताशी आली ती वीट पाहुण्याला उभं राहायला टाकली. पाहुणा अजून तिच्यावरच उभा आहे आणि देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीला मुक्काम करून त्याच विटेच्या ओढीने पुढे जाते.

गच्चीवरचं गुपित

तुम्ही आत्ता एखाद्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर हे वाचत असाल, तर डोक्यावर बहुधा फुटक्या विटांचा थर आहे. गच्ची गळू नये म्हणून विटांचे तुकडे उताराने रचून त्यावर माल भरतात. त्याला मिस्त्री ‘ब्रिकबॅट कोबा’ म्हणतात. त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवले की झाला चायना मोझॅक. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून खालची खोली थोडी गार राहते. तुकडे वेडेवाकडे असल्याने गच्चीचा उतार आणि गोलाईसुद्धा सहज झाकली जाते. अखंड टाइलला ते जमत नाही.

हेच काम बार्सिलोनात अंतोनी गौडीने केलं, तेव्हा जग ते बघायला तिकीट काढून गेलं. पार्क ग्वेलमधला नागमोडी बाक फुटक्या टाइलचाच आहे. आपल्याकडे चंडीगडचे नेकचंद. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नवं शहर वसवण्यासाठी जी गावं पाडली, त्यांचा भंगार माल, फुटक्या बांगड्या आणि कपबश्या गोळा करून 1957 पासून जंगलाच्या जागेत गुपचूप मूर्ती करत बसले. सरकारच्या लक्षात यायला जवळजवळ दोन दशकं लागली. बांधकाम बेकायदा, बांधणारा सरकारी नोकर! पाडण्याऐवजी सरकारने 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं आणि 1984 मध्ये त्यांना पद्मश्री दिली. बेकायदा बांधकामाला असं नशीब एरवी लाभत नाही.

कुदळवाडी

चिखलीजवळची कुदळवाडी हे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याचं पोट होतं. कारखान्यांचा आणि पाडकामांचा माल इथल्या पत्राशेडमध्ये यायचा आणि वेगळा व्हायचा. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे सेक्शन एकीकडे, वायरीतलं तांबं एकीकडे, सळई, पत्रा, प्लास्टिक, लाकूड, काच, पुठ्ठा सगळं ज्याच्या त्याच्या ढिगात. बाहेरच्याला तो उकिरडा दिसे. पण तारेचं वेष्टण हातात घेऊन ती कसली, हे सांगणारी माणसं तिथे होती.

फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने इथली हजारो बांधकामं अनधिकृत म्हणून पाडली. वारंवार लागणाऱ्या आगी आणि प्रदूषण ही तक्रार खरी होती. ज्यांचा धंदा एका आठवड्यात उघड्यावर आला, त्यांचं दुःखही खरं होतं. त्यातला विचित्र भाग असा, की आयुष्यभर इतरांची शेड विकत घेणाऱ्यांची स्वतःची शेड भंगार झाली. आणि शहराचा भंगार माल काही थांबला नाही. तो आता फक्त जास्त लांबचा प्रवास करतो.

सळईचा पुनर्जन्म

पाडकामातली वाकडी सळई सरळ करून पुन्हा बांधकामात वापरतात. तुमच्या स्लॅबमध्ये ते कुणी करू लागलं तर थांबवा, वाकवून सरळ केलेल्या सळईचा दम गेलेला असतो. तिचे खरे उपयोग दुसरे: कुंड्यांचे स्टँड, हूक, पहार, कपडे वाळत घालायचे आकडे. उरलेली वितळायला जाते. राज्यात त्यासाठी जालना प्रसिद्ध आहे. तिथल्या भट्ट्या भंगार वितळवून नवी सळई ओढतात.

टीएमटी सळई आडवी कापून, घासून तिला आम्ल लावलं तर कडेला गडद कडं आणि आत फिकट गाभा दिसतो. लालभडक सळईवर पाण्याचे फवारे मारल्यामुळे बाहेरची साल कडक होते आणि आतला गाभा मऊ राहतो. त्यामुळे अशा तुकड्याला लोहार धार लावतो ती फार दिवस टिकत नाही. कोयत्याला त्याला गाडीचा कमानपाटाच लागतो. चाकण-भोसरीत त्याची ददात नाही.

रुळाच्या तुकड्याचं नशीब वेगळं. वर्कशॉपमध्ये त्याची ऐरण होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत घंटा. दोरीने टांगलेला रूळ आणि एक लोखंडी दांडा, बस्स. आवाज शिवारापर्यंत जातो, बॅटरी लागत नाही, चोरायला जड.

युद्धनौकेची मोटरसायकल

आता ती टाकीची गोष्ट. आयएनएस विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका. 1961 मध्ये नौदलात आली, 1971 च्या युद्धात लढली, 1997 मध्ये निवृत्त झाली. मग काही वर्षं ती मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. म्हणजे या काळात तिला इमारत म्हणायला हरकत नाही. 2014 मध्ये ती मुंबईतल्याच दारूखाना या जहाजं तोडण्याच्या जागी तोडायला गेली. तिचं पोलाद आकुर्डीच्या बजाज ऑटोने घेतलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये त्यातला अंश असलेली ‘व्ही’ ही 150 सीसीची मोटरसायकल सादर केली. विक्रांतचा धातू पेट्रोलच्या टाकीसाठी वापरला होता. देशभक्ती दर लिटरमागे किती किलोमीटर देते, हे विचारणारे पुणेकर लगेच निघालेच. पण कल्पना म्हणून ती बिनतोड होती: लोखंड तेच, नुसती त्याची ओळख विकायची.

हा धंदा जुना आहे. 1831 मध्ये लंडनचा जुना पूल पाडला, तेव्हा त्याच्या पाण्याखालच्या एल्म लाकडी खांबांच्या तपकिरीच्या डब्या झाल्या. 1950 च्या सुमारास वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस आतून पूर्ण पोखरून नव्याने बांधलं, तेव्हा जुन्या विटा आणि सभापतीची हातोडी करण्यापुरता पाइनचा तुकडा लोकांना टपालाने मागवता येत होता. लंडनमधलं लिबर्टी हे दुकान 1924 मध्ये दोन जुन्या युद्धनौकांच्या लाकडातून उभं राहिलं. त्यातल्या एकीचं नाव एचएमएस हिंदुस्तान!

पुण्यात मात्र वाड्याचं लाकूड विकण्याऐवजी जपणारा माणूस भेटला. दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात ते दालन पुन्हा रचलं. सोबत कोरीव दारं, गणेशपट्ट्या, दिवे आणि अडकित्ते. 1975 मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला दिला.

दाराचं टेबल

सध्या सर्वांत जास्त मागणी जुन्या दारांना. आडवं केलं, खाली पाय लावले, वर काच टाकली की डायनिंग टेबल. काच शोभेसाठी नसते. दाराच्या कोरीव खणांमध्ये पोळीचा चुरा आणि आमटी साचते, आणि ती खिळ्याने टोकरून काढायची पाळी येते. खिडकीच्या चौकटीत आरसा बसतो. वाशांचे दिवे टांगायचे दांडे होतात, तुळईचे पाट आणि बाक, खुंट्यांची पट्टी किल्ल्या अडकवायला.

जुन्या सागाला भाव का? त्यातलं तेल वाळवीला नको असतं. शिवाय शंभर पावसाळे झेललेलं लाकूड जितकं वाकायचं तितकं वाकून झालेलं असतं. नवं फर्निचर पहिल्या मे महिन्यात कडकड वाजतं, हे वाजत नाही. फक्त रंधा मारण्याआधी सुतार त्यावर चुंबक फिरवतो. आत मोडून राहिलेला एक खिळा लागला की रंध्याचं पातं गेलं आणि दिवसाची मजुरीही.

गंमत म्हणजे, पडक्या घरचं लाकूड नव्या घरात आणू नये असं वास्तुवाले सांगतात. तेच लाकूड शोरूममधून ‘अँटिक’ म्हणून तिप्पट भावाने आलं तर दोष लागत नाही, असं दिसतं.

खोक्यावरचा शिक्का

चाकणची स्वतःची खाण लाकडी खोक्यांची आहे. परदेशातून यंत्रं आणि सुटे भाग ज्या पॅलेटवरून येतात, त्यांचं पाइन इथल्या शेल्फात, बागेतल्या बाकात आणि कॅफेच्या भिंतीत गेलेलं दिसतं. इमारतीतलं लाकूड नव्हे, पण इमारतीच्या आत पोचतं एवढं खरं.

विकत घेण्याआधी शिक्का वाचा. गव्हाच्या कणसाचं चित्र, देशाची दोन रोमन अक्षरं (डीई म्हणजे जर्मनी, केआर म्हणजे कोरिया, आयएन आपलं) आणि शेवटी प्रक्रियेचं नाव. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांना सलग 30 मिनिटं तापवलेलं आहे. कीड मेली, विष नाही, बिनधास्त न्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते मुलांच्या खोलीत नको. शिक्काच नसेल तर खोकं बहुधा देशातल्या देशात फिरलेलं आहे आणि त्यावर काय काय सांडलं ते त्यालाच माहीत.

यांना घरात घेऊ नका

जुने सिमेंटचे पत्रे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. कापलं, भोक पाडलं की अदृश्य तंतू उडतात आणि फुप्फुसात कायमचे मुक्काम करतात. त्याची कुंडी करू नका, काहीच करू नका.

जुन्या दारांचा रंग. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, ही सक्ती आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीचे थर कोरडे घासले की तीच धूळ घरभर होते. ओलं करून, मास्क लावून, अंगणात घासा. आणि अशा दाराचा पाळणा करू नका.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. त्यात क्रिओसोट मुरवलेलं असतं. जेवणाच्या टेबलाला तर मुळीच नाही.

उरलेला ढिगारा मोशीला

ज्यातून काहीच सुटत नाही, त्यासाठी महापालिकेचा मोशीत राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आहे. काँक्रीट दळायचं, लोखंड चुंबकाने ओढायचं, खडी आणि वाळू चाळून वेगळी करायची, आणि दाबून पेव्हर ब्लॉक करायचे. म्हणजे ज्या घराच्या अंगणात तुम्ही लहानपणी पडलात, त्यावरच म्हातारपणी मॉर्निंग वॉक करता येईल. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीतही असे राडारोड्याचे ठोकळे लागले आहेत. भारतीय मानकानुसार 2016 पासून साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत दळलेल्या काँक्रीटची खडी चालते. या सगळ्याचं कारण काढलं तर एकच: नदीपात्रात आणि रस्त्याकडेला रात्री रिकामे होणारे डंपर. ते अजूनही रिकामे होतातच, पण आता निदान त्यांना जायला पत्ता आहे.

खरेदीला निघालात तर

दार नगावर मिळतं, लाकूड घनफुटावर, सळई किलोवर, कौल आणि वीट शेकड्यावर. मंगलोरी कौल घेताना उलटं करून बघा, कारखान्याचं नाव उठावाने असतं. ही कौलं मुळात बासेल मिशनच्या जर्मन-स्विस धर्मप्रसारकांची देणगी, मंगळूरला 1865 मध्ये त्यांचा कारखाना होता. हल्ली त्यांवर वारली चित्रं काढून भिंतीला लावतात. पाखरांना पाणी ठेवायलाही चांगली.

आणि एक माल तर विकत घ्यायचाच नसतो. स्वयंपाकाच्या ओट्यात सिंक बसवताना ग्रॅनाइटमधून चांगला आयताकृती तुकडा कापून निघतो. पैसे तुम्ही पूर्ण दगडाचे मोजलेले असतात. त्याच्या कडा गोल करून घेतल्या की पोळपाट होतो, कुकर टेकवायची फरशी होते, तुळशीखालचा चौथरा होतो. मात्र मिस्त्री दुपारचा डबा खायला बसायच्या आत मागून घ्या. संध्याकाळी विचाराल तर तो फुटलेला असतो. निदान उत्तर तरी तसंच मिळतं.